खडीसाखरेचा दोरा

खडीसाखर करताना दाट पाकात दोरा सोडतात आणि भांडं हलवायचं नाही म्हणून घरातल्या पोरांना दम देतात. काही दिवसांनी दोऱ्याला लखलखीत खडे लगडलेले असतात. लंडनचा डॉक्टर आल्फ्रेड बॅरिंग गॅरड यानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हाच उद्योग केला. फक्त त्याच्या भांड्यात पाक नव्हता, माणसाचं रक्त होतं.

कृती सोपी होती. रक्त गोठल्यावर वर जो पिवळसर निवळ द्रव उरतो, तो सीरम चपट्या काचेच्या बशीत घ्यायचा. त्यात ॲसिटिक आम्लाचे काही थेंब टाकायचे. लिननच्या कापडातून इंचभर धागा उसवून त्यात बुडवायचा आणि बशी शेकोटीवरच्या फळीवर ठेवून द्यायची. दीड-दोन दिवसांनी धागा सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. निरोगी माणसाचा धागा कोरा निघे. गाऊटच्या, म्हणजे सांध्यात खडे धरून ठणका लागणाऱ्या दुखण्याच्या, रोग्याच्या धाग्याला मात्र बारीक स्फटिक चिकटलेले असत. हे युरिक ॲसिड.

आज कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये सकाळी रक्त दिलं की संध्याकाळी मोबाईलवर आकडा येतो, त्यामुळे या दोऱ्याचं अप्रूप वाटणार नाही. पण तोवर रोग्याच्या रक्तातला एखादा विशिष्ट पदार्थ मोजून रोगाचं निदान करायचं, ही कल्पनाच वैद्यकात जवळपास नव्हती. स्वीडनच्या शीलला १७७६ साली मुतखड्यात हे आम्ल सापडलं होतं. १७९७ साली वोलस्टननं गाऊटच्या गाठींमध्ये ते असल्याचं दाखवलं होतं. पण खड्यात आणि गाठीत सापडलेला माल जिवंत माणसाच्या रक्तातून वाहतो, हे कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. युरोपात गाऊट हा खाऊनपिऊन सुखी असलेल्या सरदार-दरकदारांचा रोग मानला जाई. आपल्या चरकसंहितेत गाऊटशी जुळणाऱ्या वातरक्त या रोगाच्या पर्यायी नावांत ‘आढ्यवात’ हे एक नाव आहे, आढ्य म्हणजे श्रीमंत. दोन्हीकडच्या वैद्यांना रोगी कोण हे बरोबर कळलं होतं, रोग कशाचा हे कळत नव्हतं.

गॅरडनं फेब्रुवारी १८४८ मध्ये लंडनच्या वैद्यकसभेपुढे निबंध वाचला, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. दोऱ्याची युक्ती त्याला पुढे सहा वर्षांनी सुचली. १८४८ साली त्यानं जरा किचकट रासायनिक रीत वापरली होती. निष्कर्ष मात्र स्वच्छ होता. गाऊटमध्ये रक्तातलं युरिक ॲसिड वाढलेलं असतं, साध्या संधिवातात ते नसतं. आणि मूत्रपिंडं निकामी होणाऱ्या रोग्यांतही ते वाढलेलं सापडतं. हा मूत्रपिंडाचा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, पुढे तो दोनदा आडवा येणार आहे.

आता गंमत अशी, की याच वर्षी याच माणसानं आणखी एक निबंध छापला. विषय होता स्कर्व्ही.

हिरड्या सुजून रक्त यायचं, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या, माणूस झिजून मरायचा. हा रोग खलाशांचा अशी समजूत होती. पण १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि १८४६-४७ मध्ये आयर्लंड-ब्रिटनमध्ये समुद्राचं तोंडही न पाहिलेली माणसं स्कर्व्हीनं आजारी पडू लागली. गरिबाच्या ताटातला बटाटा गेला आणि रोग आला, एवढं सगळ्यांना दिसत होतं. कारणावर भांडण होतं. एडिंबरोच्या ख्रिस्टिसनचं म्हणणं, आहारात दुधातलं प्रथिन कमी पडलं. गॅरडनं रसायनशास्त्रज्ञाच्या शिस्तीनं पदार्थ तपासले. स्कर्व्ही बरी करणारे पदार्थ कोणते? लिंबू, बटाटा, ताजी भाजी. त्यांच्यात पोटॅश भरपूर. स्कर्व्ही आणणारा आहार कोणता? ज्यात पोटॅश कमी. निकाल लागला. स्कर्व्ही म्हणजे पोटॅशियमची उणीव.

तपासणी खोटी नव्हती. लिंबात आणि बटाट्यात पोटॅशियम असतंच. फक्त त्याच फळात, त्याच कंदात दुसरा एक प्रवासी लपून बसला होता, ज्याचं नावही तेव्हा ठेवलेलं नव्हतं. आपण ज्याला क जीवनसत्त्व म्हणतो तो. दोघं एकाच गाडीनं येतात आणि एकाच गाडीनं जातात. गॅरडनं दिसला त्याच्या नावानं गुन्हा नोंदवला. आपल्याकडे याला चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. खरं तर एक साधी शंका पुरली असती. लिंबाचा रस उकळून, मुरवून, महिनोन्‌महिने ठेवला तर त्याचा गुण जातो, पण पोटॅशियम काही उकळून उडून जात नाही. मग गुण कशाचा होता?

म्हणजे एकाच वर्षी एका तरुण डॉक्टरच्या एका हातात युरिक ॲसिड होतं आणि दुसऱ्या हातात क जीवनसत्त्वाचा रोग. एका बाबतीत तो अचूक ठरला, दुसऱ्यात साफ चुकला. आणि या दोन हातांतल्या वस्तूंचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नसणार. तो संबंध उलगडायला पुढची सव्वाशे वर्षं लागली.

मधल्या काळातली एक तारीख फार बोलकी आहे. आल्फ्रेड गॅरड १९०७ च्या डिसेंबरात वारला. त्याच वर्षी नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रोलिश या दोघांनी गिनिपिगांना फक्त धान्यावर ठेवलं आणि त्या बिचाऱ्यांना हुबेहूब माणसासारखी स्कर्व्ही झाली. कोबी किंवा लिंबू दिलं की बरी होई. प्रयोगशाळेत हा रोग मुद्दाम आणता येतो हे पहिल्यांदाच सिद्ध झालं. पोटॅशियमची कथा तिथं संपली. नशीब असं, की त्यांनी गिनिपिग निवडला. उंदीर निवडला असता तर काहीच झालं नसतं, कारण उंदराला स्कर्व्ही होतच नाही. तो आपलं क जीवनसत्त्व आपल्या यकृतात साखरेपासून स्वतः बनवतो.

आणि १९०८ साली गॅरडचा मुलगा आर्चिबाल्ड लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये व्याख्यानाला उभा राहिला. काही माणसांच्या शरीरात रसायनांच्या साखळीतली एक कडी जन्मापासूनच तुटलेली असते, आणि ती तूट आईबापांकडून वारसानं येते, असं त्यानं मांडलं. लघवी काळी पडणाऱ्या अल्काप्टोन्युरिया या विरळा विकारावरून त्याला ही दृष्टी मिळाली होती. काळाच्या इतक्या पुढे, की जनुक म्हणजे नेमकं काय हे कळायच्या आधी त्यानं जनुकाची चूक ओळखली. (या घराण्याविषयी स्वतंत्र लेख लिहावा असं वाटतं. आर्चिबाल्डचे तिन्ही मुलगे पहिल्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर लगेचच गेले. उरलेली मुलगी डोरोथी पुढे पुरातत्त्वज्ञ झाली आणि १९३९ साली केंब्रिजची पहिली स्त्री प्राध्यापक.) बापानं ज्या दोन रोगांचा पिच्छा पुरवला होता ते एका सूत्रात ओवण्याचं साधन मुलाच्या हातात होतं. पण हे कुणालाच कळलं नाही, मुलालाही नाही.

क जीवनसत्त्व हाती कसं लागलं ती कहाणी बहुतेकांनी वाचलेली असते, म्हणून धावत सांगतो. हंगेरीचा सेंट-जॉर्जी यानं १९२८ साली एक पांढरी भुकटी वेगळी काढली, ती म्हणजेच क जीवनसत्त्व हे १९३२ साली ठरलं, आणि सेगेडच्या बाजारातल्या लाल पाप्रिका मिरचीतून ते किलोकिलोनं काढता येऊ लागलं. १९३७ साली नोबेल. विषय इथं संपायला हवा होता.

तो संपला नाही, कारण एक प्रश्न राहिला होता. उंदीर बनवतो, शेळी बनवते, कुत्रा बनवतो, मग माणसाचं काय बिनसलं? १९५७ साली अमेरिकेच्या जे. जे. बर्न्स यांनी उत्तर दिलं. माणूस, माकड आणि गिनिपिग यांच्या यकृतात साखरेपासून क जीवनसत्त्वाकडे जाणारा सगळा रस्ता शाबूत आहे, फक्त शेवटची पायरी गायब आहे. पुढच्याच वर्षी कलकत्त्याच्या बिरेशचंद्र गुहा आणि रॉय यांनी दाखवलं, की हीच उणीव फळं खाणाऱ्या भारतीय वटवाघळात आणि आपल्या अंगणातल्या लालबुड्या बुलबुलातही आहे. बुलबुल पेरूवर, पिकल्या पपईवर इतका तुटून का पडतो याला काही अंशी हे कारण असेल का, असा विचार माझ्या मनात प्रत्येक वेळी येतो. पुरावा मात्र मागू नका.

जपानच्या निशिकिमींनी १९९० च्या दशकात माणसाच्या गुणसूत्रांत त्या हरवलेल्या पायरीचं जनुक शोधून काढलं. ते अजून तिथंच आहे. मोडलेलं, गंजलेलं, बंद गिरणीच्या आवारात पडलेल्या यंत्रासारखं. आपल्या पूर्वजांत ही गिरणी सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी बंद पडली असा अंदाज आहे.

आता दुसरा हात. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या शरीरात युरिक ॲसिड तयार होतं आणि लगेच युरिकेज नावाचं विकर त्याचे तुकडे करून सहज विरघळणारा पदार्थ बनवतं. त्यामुळे त्यांच्या रक्तात युरिक ॲसिड नावालाच असतं. माणसात हेही विकर नाही. १९८९ साली ह्यूस्टनच्या कास्की यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की त्याचंही जनुक माणसात आहे, पण मोडलेलं. ते दीडेक कोटी वर्षांपूर्वी, आपल्या आणि वानरांच्या सामायिक पूर्वजांत निकामी झालं. परिणाम असा, की आपल्या रक्तात युरिक ॲसिड इतर प्राण्यांच्या कैकपट असतं. डेसिलिटरला ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की पाक जास्त दाट झाल्यासारखं होतं. खडे धरायला जागा हवी असते. ती पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात मिळते, कारण तो सांधा शरीराच्या इतर भागांपेक्षा थंड असतो. मग मध्यरात्री जाग येते ती अंगठ्याला चादर टेकली तरी किंचाळी निघेल अशा दुखण्यानं.

दोन मोडकी यंत्रं, दोन्ही वानरकुळात. इतका योगायोग पाहून कुणाला तरी शंका येणारच.

पहिली शंका एका धातुशास्त्रज्ञाला आली. एगॉन ओरोवान हे धातू कसे वाकतात, याचा सिद्धांत मांडणारे नामवंत. १९५५ साली त्यांनी ‘नेचर’मध्ये माणसाच्या उत्पत्तीवर टिपण लिहिलं. युरिक ॲसिडचा रेणू चहा-कॉफीतल्या कॅफिनसारखा दिसतो. मग युरिकेज हरवल्यामुळे वानराच्या मेंदूला जन्मभर फुकटचा चहा मिळू लागला आणि त्यातून बुद्धी वाढली, असं का नसेल? कल्पना रम्य आहे. गाऊटवाले विद्वान तिच्यावर लगेच विश्वास ठेवतात.

दुसरी शंका अधिक नेमकी होती. १९७० साली पीटर प्रॉक्टर यांचं छोटं पत्र ‘नेचर’नं छापलं. शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं. माणसात युरिक ॲसिड आणि क जीवनसत्त्व सारखंच काम तर करत नसतील? दोन्ही पेशींना गंजण्यापासून वाचवणारी रसायनं. एक बनवण्याची ताकद गेली, म्हणून दुसरं साठवण्याची ताकद आली असेल. १९८१ साली बर्कलीच्या ब्रूस एम्स यांनी हीच बाजू भक्कम केली. रक्तद्रवाची गंजरोधक ताकद मोठ्या प्रमाणात युरिक ॲसिडमुळेच आहे.

माझं मत विचाराल तर या कथेचा अर्धा भाग मला पटतो. दोन्ही गंजरोधक आहेत हे खरं. पण एकाच्या बदल्यात दुसरं आलं म्हणायला दोन मोडतोडींमध्ये साडेचार कोटी वर्षांचं अंतर आहे. घरातली विहीर आटली म्हणून नातवाच्या नातवानं नळ घेतला, असं म्हणण्यासारखं हे झालं.

तरीही प्रॉक्टरनं गॅरडचे दोन्ही हात पहिल्यांदा एकमेकांजवळ आणले, हे श्रेय त्यांचंच.

त्याच १९७० साली लायनस पॉलिंग यांचं सर्दी आणि क जीवनसत्त्व यांवरचं पुस्तक आलं. दोन नोबेलांचे मानकरी सांगतात म्हटल्यावर अमेरिकेत लोक चिमूटभर जीवनसत्त्वाऐवजी चमचाभर खाऊ लागले. आयर्व्हिंग फॉक्स आणि त्यांचे सहकारी गाऊटवर काम करत होते. या भरमसाठ मात्रेनं युरिक ॲसिडचं काय होतं, हे त्यांनी मोजलं. १९७६ साली निकाल छापला. चार ग्रॅमची एकच मात्रा घेतल्यावर मूत्रपिंडातून युरिक ॲसिड बाहेर टाकण्याचा वेग जवळपास दुप्पट होत होता. आठ ग्रॅम रोज, काही दिवस, घेतलेल्या तिघांत रक्तातलं युरिक ॲसिड १.२ ते ३.१ मिलिग्रॅमनं उतरलं. अर्धा ग्रॅम किंवा दोन ग्रॅम दिल्यावर मात्र काही फरक दिसला नाही.

आनंद व्हायला हवा होता. पण लेखकांचा सूर इशाऱ्याचा होता. लघवीत एकदम इतकं युरिक ॲसिड उतरलं तर खडे व्हायचे, आणि रक्तातला आकडा झटकन हलला तर गाऊटचा झटकाच यायचा.

हे घडतं कसं, याचं उत्तर मूत्रपिंडात आहे, म्हणून गॅरडच्या त्या जुन्या निरीक्षणाकडे पुन्हा यावं लागतं. मूत्रपिंड आधी रक्तातलं युरिक ॲसिड गाळून काढतं आणि मग त्यातलं सुमारे नव्वद टक्के परत रक्तात घेतं. एवढा कंजूसपणा! परत घेण्याचं दार २००२ साली टोकियोच्या क्योरिन विद्यापीठातल्या एनोमोटो आणि एंडो यांच्या गटानं शोधलं. त्या दाराचं नाव युरॅट-वन. हे दार अदलाबदलीवर चालतं. आतून एक आम्लरेणू बाहेर जातो, तेव्हा बाहेरचं युरिक ॲसिड आत येतं. क जीवनसत्त्व याच वाटेत आडवं येऊन युरिक ॲसिडचा परतीचा रस्ता अडवतं, असा अंदाज आहे.

या दारानं आणखी एक जुनं कोडं सोडवलं. ब-३ जीवनसत्त्व, म्हणजे नायासिन, कोलेस्टेरॉल उतरवायला मोठ्या मात्रेत देत. त्या रोग्यांत युरिक ॲसिड चढे. कारण नायासिनच्या आम्लाची अदलाबदल करून हे दार जास्तीचं युरिक ॲसिड आत ओढतं. क्षयरोगाच्या पायराझिनामाइड या औषधाचंही तेच. आपल्याकडे टीबीच्या औषधांवर असलेल्या किती जणांना सांधे दुखतात, आणि त्यांना घरचे ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सांगतात! एका जीवनसत्त्वानं आकडा उतरतो, दुसऱ्यानं चढतो. ‘जीवनसत्त्व घेतलं, तोटा काय’ हे वाक्य म्हणूनच मला खटकतं.

फॉलिक ॲसिडची गोष्ट तर पोलिसी कादंबरीला शोभेल अशी. प्रयोगनळीत फॉलिक ॲसिड हे युरिक ॲसिड बनवणाऱ्या विकराला जबरदस्त रोखतं असं दिसलं होतं, म्हणून मोठ्या मात्रेच्या गोळ्या गाऊटवर देण्याची टूम निघाली. १९८० साली रोग्यांवर मोजून पाहिलं तर रक्तातला आकडा ढिम्म हलला नाही. मग प्रयोगनळीत काय झालं होतं? १९८४ साली स्पेक्टर आणि फेरोन यांनी दाखवून दिलं, की शुद्ध फॉलिक ॲसिड त्या विकराचं काहीच वाकडं करत नाही. बाटलीत भेसळ होती. फॉलिक ॲसिड मोडून तयार होणारा एक टेरिन ॲल्डिहाइड अगदी लेशमात्र असला तरी तो विकराला गप्प करतो. पुन्हा तेच. गाडीतून उतरलेला प्रवासी एक आणि पकडला भलताच.

अ जीवनसत्त्वाचं प्रकरण अजून पुरतं मिटलेलं नाही. अमेरिकेत देशभरातल्या लोकांच्या तब्येतीची आणि रक्ताची नियमित मोठी पाहणी होते. तिच्या २००१ ते २००६ मधल्या वीस वर्षांवरच्या हजारो स्त्रीपुरुषांच्या आकड्यांतून अर्ल फोर्ड आणि ह्योन चॉई यांनी एक विचित्र जोडी दाखवली. ज्यांच्या रक्तात अ जीवनसत्त्व जास्त, त्यांचं युरिक ॲसिडही जास्त. ज्यांच्या रक्तात गाजरातलं बीटा-कॅरोटिन जास्त, त्यांचं युरिक ॲसिड कमी. अ जीवनसत्त्व हेच गाऊटचं मूळ, अशी अँथनी मॉसन यांची मांडणी याआधीपासून होतीच. मला मात्र इथं गॅरडचं मूत्रपिंडाचं निरीक्षण आठवतं. मूत्रपिंडाची गाळणी मंदावली की युरिक ॲसिड साचतं, आणि अ जीवनसत्त्वाला रक्तातून वाहून नेणारं प्रथिनही साचतं. दोघांनी एकमेकांना ओळखण्याचीही गरज नाही. एकाच तुंबलेल्या गटारामुळे दोन घरांत पाणी शिरलं, म्हणून एका घरानं दुसऱ्यात पाणी सोडलं असं होत नाही. बीटा-कॅरोटिनबद्दलही थोडं असंच. ते ज्यांच्या रक्तात भरपूर, ती माणसं भाजीफळं खाणारी असतात, आणि अशी माणसं बऱ्याचदा सडपातळ, कमी पिणारी असतात.

पाहणीतून फक्त जोडी दिसते. त्या जोडीत नवरा-बायको आहेत की शेजारी, हे ठरवायला गोळी वाटून पाहावी लागते, अर्ध्यांना खरी, अर्ध्यांना पोकळ, आणि कुणाला कुठली हे कुणालाच न सांगता.

क जीवनसत्त्वाचं नशीब एवढं चांगलं, की त्याच्या वाट्याला अशी परीक्षा आली. २००५ साली जॉन्स हॉपकिन्सच्या ह्वांग आणि सहकाऱ्यांनी १८४ जणांत ५०० मिलिग्रॅमची रोजची गोळी दोन महिने वाटली. गोळी खाणाऱ्यांत युरिक ॲसिड सरासरी ०.५ मिलिग्रॅमनं उतरलं. आठ ग्रॅमचा उतार नव्हे, पण उतार तर होता. २००९ साली चॉई यांनी ४६,९९४ पुरुषांचा वीस वर्षांचा हिशेब मांडला. रोज १,५०० मिलिग्रॅमहून जास्त क जीवनसत्त्व घेणाऱ्यांत गाऊटचं प्रमाण ४५ टक्क्यांनी कमी! वर्तमानपत्रांना असा आकडा मिळाला की काय होतं ते सांगायला नको. पण हीदेखील पाहणी होती, चाचणी नव्हे. २०११ साली तेरा चाचण्यांतल्या ५५६ जणांचा एकत्र हिशेब निघाला तेव्हा सरासरी उतार भरला ०.३५ मिलिग्रॅम.

इथं एक नाजूक गोष्ट आहे, जिच्यावरून आपण सगळे सटकतो. या चाचण्यांत बहुतेक माणसांना गाऊट नव्हताच. खऱ्या रोग्याच्या अंगात काय घडतं? न्यूझीलंडमध्ये, जिथं माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या लोकांत गाऊट जगात सर्वांत जास्त दिसणाऱ्यांपैकी आहे, क्राइस्टचर्चच्या लिसा स्टॅम्प यांनी २०१३ साली चाळीस गाऊटच्या रोग्यांवर हे तपासलं. आठ आठवडे ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व एका गटाला, गाऊटचं नेहमीचं औषध ॲलोप्युरिनॉल सुरू करणं किंवा वाढवणं दुसऱ्याला. ॲलोप्युरिनॉलनं युरिक ॲसिड सुमारे दोन मिलिग्रॅमनं उतरवलं. क जीवनसत्त्वानं पाव मिलिग्रॅमही नाही. दोऱ्यावरचे खडे विरघळायचे तर आकडा सहाच्या खाली आणावा लागतो, आणि नऊवरून पावणेनऊला आल्यानं कुणाचा अंगठा थंड होत नाही.

अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात गाऊटवर क जीवनसत्त्वाच्या गोळ्या न देण्याचा सल्ला दिला. मग क जीवनसत्त्व निर्दोष सुटलं, की निकामी ठरलं?

२०२२ साली एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. १४,६४१ अमेरिकी पुरुष डॉक्टर, वय पन्नाशी किंवा त्यावर. अर्ध्यांना रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, अर्ध्यांना पोकळ गोळी, काहींच्या बाबतीत दहा वर्षांपर्यंत. गाऊट नव्यानं होण्याचं प्रमाण क जीवनसत्त्वाच्या गटात बारा टक्क्यांनी कमी निघालं. बारा टक्के ऐकायला बरे वाटतात. हिशेब उलगडला तर असा, की हजार माणसांमागे वर्षाला पोकळ गोळीवाल्यांत नऊच्या आसपास जणांना गाऊट झाला, खऱ्या गोळीवाल्यांत आठ जणांना. आणि हा फायदाही मुख्यतः सडपातळ माणसांच्या पदरात पडला. पोट सुटलेल्यांच्या, म्हणजे ज्यांना गरज जास्त, त्यांच्या पदरात फारसं काही नाही. जीवनसत्त्वाला दोष देता येणार नाही. त्यानं आपलं छोटं काम चोख केलं. मोठं काम त्याच्या गळ्यात आपणच घातलं होतं.

गोळ्या वाढवून तरी पाहाव्यात का? २०१३ साली स्वीडनमधल्या पुरुषांच्या एका मोठ्या अभ्यासात जास्त मात्रेच्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या खाणाऱ्यांत मुतखडे होण्याचा धोका जवळपास दुप्पट दिसला. शरीर जास्तीच्या क जीवनसत्त्वाचं ऑक्झलेट बनवतं, आणि खडे पुन्हा तयार.

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की आपल्या घरांत लगेच फर्मान निघतं. डाळ बंद, पालक बंद, टोमॅटो बंद. या चॉई यांनीच २००४ साली सत्तेचाळीस हजार पुरुषांवर पाहिलं होतं, की गाऊट वाढतो तो मटण आणि मासळीनं. पालक-मटारासारख्या भाज्यांनी वाढत नाही, आणि दूध-दही खाणाऱ्यांत तो उलट कमी दिसतो. तेव्हा सासूबाईंचं ताक चालू द्यावं, रविवारचं मटण थोडं आवरावं, बिअर सोडावी. आवळा, पेरू, लिंबू खुशाल खावेत, बुलबुलासारखे. कोरोनाच्या काळात घरोघरी साठलेल्या त्या चघळायच्या नारिंगी गोळ्यांचं पाकीट कपाटात असेल तर असू द्या. पण युरिक ॲसिडसाठी डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल दिलं असेल, तर त्या नारिंगी गोळ्यांच्या भरवशावर ते बंद करू नका.